फुकटचा हिरो, विकतची हिरोईन: गेममध्ये आपण कोण असतो?

ज्यांच्या बसमध्ये रेंज नाही, किंवा जे आमचं बोलणं दीडपट स्पीडने ऐकूनही कंटाळतात, त्यांच्यासाठी या एपिसोडची ही लिखित आवृत्ती. रेकॉर्डिंगच्या मधे दोनदा लाइट गेली, ते काढलंय. बाकी बोलणं बहुतेक तसंच ठेवलंय.

मी ब्रह्मपुरीचा. बीटेक केलं, पुण्याच्या एका कंपनीसाठी कोड लिहितो, वर्षातले बरेच महिने घरूनच. गेम बनवणं हा माझा पोटाचा धंदा नाही, पण खेळतो भरपूर आणि रात्री हौसेने छोटेमोठे गेम बनवून बघतो. त्यामुळे आजचा विषय मी दोन बाजूंनी बघणार आहे, खेळणाऱ्याच्या आणि कोड लिहिणाऱ्याच्या. विषय असा: बाई, दलित, आदिवासी, भटके, ट्रान्स माणसं, निर्वासित, किंवा आपल्यासारखे ‘तिकडच्या’ बोलीत बोलणारे, म्हणजे ज्यांना कायम कडेला उभं केलं जातं, ते व्हिडिओ गेममध्ये कसे येतात? आणि ते खेळून नेमकं काय कळतं?

टेंपल रनपासून सुरू करू, कारण तो तुमच्यापैकी बहुतेकांनी खेळलाय. २०११ मध्ये आला आणि पुढची दोन-तीन वर्षं ज्याच्या हातात टचस्क्रीन पडला तो बोट सरकवत पळत सुटला. आता आठवा, गेम उघडल्यावर पळणारा कोण होता? गाय डेंजरस नावाचा गोरा पुरुष. देवळात शिरून मूर्ती उचलणारा. मागे लागलेली माकडं व्हिलन आणि मूर्तीचोर हिरो. आमच्याकडे जंगलातल्या देवाची मूर्ती कोणी उचलली तर त्याला गाव काय म्हणेल ते सोडा, पण हिरो नक्कीच म्हणणार नाही. असो. आणि बाई होऊन पळायचं असेल तर? स्कार्लेट फॉक्स होती, पण तिच्यासाठी १०,००० नाणी मोजावी लागत.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या १२ वर्षांच्या एका मुलीला हे खटकलं. तिने असे सतत पळण्याचे ५० गेम तपासले, मोजणी केली आणि वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहिला. ज्या गेममध्ये पात्र मुलगा आहे की मुलगी हे ओळखता येत होतं, त्यातल्या ९८ टक्क्यांत मुलगा मिळत होता, मुलगी फक्त ४६ टक्क्यांत. मुलगा फुकट मिळण्याचं प्रमाण ९० टक्के, मुलगी फुकट मिळण्याचं १५. म्हणजे त्या मुलीला गेममध्ये स्वतःसारखं दिसायचं असेल तर आधी पैसे. लेख गाजला आणि टेंपल रनच्या निर्मात्यांनी फुकट स्त्री-पात्र द्यायचं कबूल केलं.

यात मला कट वगैरे दिसत नाही. प्रोग्रामिंगमध्ये एक गोष्ट असते, डीफॉल्ट व्हॅल्यू. वापरणाऱ्याने काहीच निवडलं नाही तर सिस्टिम जे धरून चालते ते. डीफॉल्ट लिहायला दोन सेकंद लागतात आणि लिहिताना कोणी विचार करत नाही, जे डोक्यात पहिलं येतं तेच टाकलं जातं. म्हणूनच ते बघण्यासारखं असतं. त्या माणसाच्या डोक्यात ‘साधा माणूस’ म्हटल्यावर कोण येतो, हे त्या दोन सेकंदांत कळतं.

आता याच्या अगदी उलटा गेम. रस्ट. फेसपंच स्टुडिओजचा. नागडं उठायचं, दगड हातात घ्यायचा, जगायचं. २०१५ मध्ये त्यांनी खेळाडूंना वेगवेगळे रंग-चेहरे दिले आणि २०१६ मध्ये लिंगही. पण निवडायला दिलं नाही. तुमच्या स्टीम खात्याचा जो नंबर आहे, त्यावरून सर्व्हर ठरवणार की तुम्ही काळे की गोरे, बाई की पुरुष. एकदा ठरलं की ठरलं. बदलायचं बटण नाही, पैसे देऊनही नाही. आणि खेळाच्या दृष्टीने फरक शून्य, कोणाची ताकद कमी-जास्त नाही. तरी लोक चिडले. ‘मला बाई व्हायचं नव्हतं’ म्हणून पुरुष खेळाडूंनी तक्रारी केल्या. त्यावर गॅरी न्यूमन, म्हणजे गेमचा कर्ता, आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला.

मला हा गेम भारतीय वाटतो. आपल्याकडे जन्म असाच होतो. कॅरेक्टर निवडायची स्क्रीनच येत नाही, डायरेक्ट गेम सुरू. एक मोठा फरक मात्र आहे: रस्टमध्ये रंगाने काही बिघडत नाही, आपल्याकडच्या सर्व्हरवर आडनावानुसार नियम बदलतात. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, तेव्हा कित्येक जमातींत जन्मलेलं मूल जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदलं जाऊ लागलं. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला ते विमुक्त झाले. कोडच्या भाषेत सांगायचं तर फ्लॅग काढला, पण तो फ्लॅग वाचून वागणारं बाकीचं सगळं कोड तसंच राहिलं. कोणत्याही पारध्याला विचारा.

कधीकधी मात्र कोडमध्ये एखादी अट न लिहिल्यामुळेही जागा तयार होते. द सिम्स बनत होता तेव्हा टीममध्ये आधी ठरलं होतं की समलिंगी नाती ठेवायची नाहीत. नव्याने आलेल्या पॅट्रिक बॅरेट नावाच्या प्रोग्रामरच्या हातात जुना आराखडा पडला, ज्यात ती होती. त्याने तसं कोड लिहिलं. पुढे १९९९ च्या ई-थ्री प्रदर्शनात लोकांसमोर डेमो चालू असताना लग्नाला आलेल्या दोन बायका-पात्रांनी एकमेकींचं चुंबन घेतलं. कोणी बटण दाबलेलं नव्हतं, पात्रांनी आपापलं ठरवलं होतं. ते पुढे गेममध्ये राहिलं. ‘दोघं वेगळ्या लिंगाचे आहेत का’ हे तपासणारी एक ओळ नव्हती, एवढंच.

तर पहिली गोष्ट ही की ओळख फक्त चेहऱ्यात नसते, नियमात असते. हे आपल्या भागात आणून बघू, कारण माझ्या मते इथेच खरा माल आहे.

शेतीचे गेम घ्या. आधी फार्मव्हिल, २०१६ पासून स्टार्ड्यू व्हॅली, जो एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने बनवला आणि आता मोबाइलवरही आहे. मला तो मनापासून आवडतो. त्याची सुरुवात काय? ऑफिसच्या नोकरीला वैतागलेला नायक आजोबांचं पत्र उघडतो. आजोबांनी शेत ठेवलंय. जा, करा शेती. कुठलाही शेतीचा गेम उघडा, पहिल्या स्क्रीनवर जमीन तुमच्या नावावर असते. झाडं तोडली, लाकूड तुमचं. तळ्यात गळ टाकला, मासा तुमचा. फॉरेस्ट गार्ड नाही, पटवारी नाही, सातबारा नाही.

आता हाच गेम ब्रह्मपुरी, नागभीड, धानोरा, कुरखेडा इथून सुरू करा. अर्ध्या खेळाडूंकडे पहिल्या स्क्रीनवर जमीन नाही. काहींकडे जमीन आहे, आजापासून कसताहेत, पण कागद नाही, कारण ती सरकारदरबारी जंगल आहे. म्हणजे शेत डोळ्यांना दिसतंय, धान उभा आहे, पण गेमच्या दृष्टीने तुम्ही चोर आहात. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही जमीन नावावर करून घ्यायची वाट काढली. आदिवासी असाल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ती जमीन ताब्यात असल्याचं दाखवायचं. आदिवासी नसाल पण जंगलावर जगणारे असाल, तर तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं तिथे राहिल्याचा पुरावा. मिळालीच तर जास्तीत जास्त ४ हेक्टर. दावा आधी ग्रामसभेकडे, तिथून उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. सांगा, यापेक्षा अवघड तीन लेव्हल कुठल्या गेममध्ये आहेत?

हे गंमत म्हणून सांगत नाही. असा गेम खरंच होऊ शकतो, आणि त्याचा नमुना हजर आहे. लुकस पोपचा पेपर्स, प्लीज, २०१३ चा. आर्स्टोत्स्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर तुम्ही तपासनीस. खिडकीपुढे माणूस येतो, कागद ठेवतो, तुम्ही तारीख, फोटो, शिक्का जुळवता आणि हिरवा किंवा लाल छाप मारता. जितकी माणसं तपासाल तितका पगार, आणि रात्री त्या पगारात घरच्यांचं जेवण की शेकोटी हे ठरवायचं. एक बाई येते, तिचे कागद अपुरे, तिचा नवरा नुकताच आत गेलेला. सोडलं तर दंड तुम्हाला. हा गेम निर्वासितांवर भाषण देत नाही. तुम्ही स्वतः लाल छाप मारता आणि मग दिवसभर ते डोक्यात राहतं.

आपल्या गेममध्ये खिडकीच्या या बाजूला उभं राहायचं. आणि यात एक सुंदर गोष्ट आहे, जी कुठल्याही गेम डिझायनरला आवडेल. वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणजे फक्त कागद नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं लिहून घेतलं तर तो पुरावा. जुनी विहीर, पुरलेल्या माणसांची जागा, देवाचं ठिकाण, हे सगळे पुरावे. विचार करा, गेममध्ये तुम्ही म्हाताऱ्या माणसांकडे बसून त्यांच्या आठवणी गोळा करताय आणि प्रत्येक आठवण जंगलातली एक जागा उघडते. म्हातारी गेली तर तो पुरावा गेला. धावपळ, बंदूक, काहीही नको, तरी छाती धडधडेल.

किंवा दादाजी खोब्रागडे घ्या. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे, दलित कुटुंबातले, शाळा जेमतेम, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ मध्ये धानाच्या पिकात त्यांना वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्या बाजूला काढल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या. वर्षानुवर्षं हेच. त्यातून बारीक दाण्याचं, जास्त उत्पादनाचं जे वाण निघालं त्याला त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी नाव पडलं, आणि तुमच्या घरात भात शिजत असेल तर तुम्ही तो खाल्लेला असण्याची शक्यता बरीच आहे. वाण देशभर पसरलं, पैसा मात्र दादाजींकडे फारसा आला नाही. विद्यापीठाने पुढे सुधारित वाण आणलं तेव्हा श्रेय कोणाचं यावरून वाद झाला. ते २०१८ मध्ये गेले. शेतीच्या कुठल्याही गेममध्ये जो नवं पीक शोधतो त्याला स्क्रीनभर चांदण्या आणि सोन्याची नाणी मिळतात. इथे शोध लावणाऱ्याच्या खात्यात काय जमा झालं, हे दाखवणारा गेम फार वेगळा लागेल. खेळायला मजा येईल का? मला वाटतं येईल, निवड करत जाण्याची ती प्रक्रियाच मजेची आहे. शेवट कडू असेल, एवढंच.

बोलीकडे वळतो. इथे प्रत्येकाकडे किस्सा असतो, माझाही आहे. एका बॅटल रॉयल गेममध्ये अनोळखी लोकांबरोबर स्क्वाडमध्ये होतो, माइक चालू. मी काहीतरी बोललो, ‘काहून’ निघालं तोंडातून. समोरून हसणं, मग ‘कुठला रे तू?’ गडचिरोलीच्या बाजूचा म्हटल्यावर लगेच ‘नक्षली आला, नक्षली आला.’ पुढचा अख्खा राऊंड तेच. आमच्या भागातली अनेक पोरं म्हणूनच माइक बंद ठेवून खेळतात, आणि पोरी तर जवळपास सगळ्याच. आवाज आला की कोण आहेस ते कळतं, आणि कळलं की संपलं. मजा बघा, गेममध्ये तुम्हाला चेहरा बदलता येतो, कपडे बदलता येतात, बंदुकीला गुलाबी रंग देता येतो, पण ‘ळ’ आणि ‘ण’ कसा म्हणता हे बदलता येत नाही.

आणि हीच बोली वैनगंगेपलीकडे वडशाला गेली की स्टेजवर राज्य करते. दिवाळी ते होळी झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, हजारो माणसं थंडीत कांबळं पांघरून बसतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. म्हणजे बोलीत कमीपणा नाही. कोणत्या मैदानात ती बोलली जाते त्यावर सगळं आहे.

भाषा हरवण्यावर मी खेळलेला सगळ्यात चांगला गेम म्हणजे वेण्बा, २०२३ चा. टोरांटोच्या छोट्या टीमने बनवलाय. १९८० च्या दशकात तमिळनाडूतून कॅनडाला गेलेलं जोडपं, त्यांचा मुलगा कविन, आणि आईकडून आलेली, पानं फाटलेली, शाई पुसलेली पाककृतींची वही. तुम्ही इडलीचं भांडं कसं रचायचं, बिर्याणीत आधी काय घालायचं हे अंदाजाने जुळवता. एक-दीड तासाचा गेम. एका टप्प्यावर तुम्ही मोठा झालेला कविन होता आणि तीच वही वाचायला घेता, पण कविनला तमिळ धड वाचता येत नाही. आतापर्यंत आईच्या भूमिकेत जे सहज कळत होतं ते आता कळत नाही. कोणी रडत नाही, कोणी ‘आपली भाषा जपा’ म्हणत नाही. पदार्थ बिघडतो, बस्स. आपल्या घरात आजी झाडीत बोलते, आई अर्धी-अर्धी, आणि पुण्यात वाढणारं पोर फक्त ऐकून हसतं. ही वही आपल्याकडेही आहे.

आता थोडं थांबून उलट बाजू. अशा गेमबद्दल बोलताना लोक लगेच म्हणतात, ‘दुसऱ्याच्या जागी जाऊन बघता येतं, सहानुभूती वाढते.’ मला हे वाक्य फार स्वस्त वाटतं. लिसा नाकामुरा या अभ्यासक बाईंनी १९९५ मध्येच यासाठी एक शब्द वापरला होता, ओळखीचं पर्यटन. म्हणजे इंटरनेटवर थोडा वेळ दुसऱ्या वंशाचा मुखवटा घालायचा, मजा घ्यायची, आणि घरी परत यायचं. ज्याची ती रोजची ओळख आहे त्याला परत यायची सोय नसते.

अ‍ॅना अँथ्रोपीचं उदाहरण यावर अचूक आहे. तिने २०१२ मध्ये डिस्फोरिया हा गेम केला, स्वतःच्या हार्मोन उपचारांच्या अनुभवावर. पहिल्याच दृश्यात एक वेडावाकडा ठोकळा भिंतीतल्या भोकातून न्यायचा असतो आणि तो कसाही बसत नाही. दहा सेकंदात कळतं की स्वतःच्या शरीरात न मावणं म्हणजे काय. गेम इतका गाजला की लोक म्हणू लागले, ‘हा खेळलो, आता मला ट्रान्स माणसं कळली.’ ती वैतागली. २०१५ मध्ये तिने एक नवीन खेळ मांडला: आपले जुने बूट ठेवले आणि शेजारी पावलं मोजायचं यंत्र. माझ्या बुटात पाय घाला, चाला, मैलामागे एक गुण. कितीही चाललात तरी वाढतो तो फक्त आकडा.

पण म्हणून असे गेम वाया गेले असंही नाही. बरी मी, माय लव्ह नावाचा २०१७ चा मोबाइल गेम आहे. तो दिसतो व्हॉट्सअ‍ॅपसारखा. नूर सिरियातून युरोपकडे निघालीय, तुम्ही तिचा नवरा मज्द, मागे राहिलेला. ती मेसेज करते, फोटो पाठवते, विचारते आता काय करू. तुम्ही सल्ला देता. मग कधी तासन्‌तास उत्तरच येत नाही. तुम्ही नूर नाही आहात, हे गेमला पक्कं माहीत आहे. तुम्ही फोनकडे बघत बसलेला माणूस आहात, जे तुम्ही खरंच आहात. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. कोलकात्याच्या कलाकार लीना केजरीवाल यांचा मिसिंग हा मुलींच्या तस्करीवरचा मोबाइल गेम याच्या उलट, तुम्हाला थेट त्या मुलीच्या जागी ठेवतो आणि निवडी देतो, ज्यातल्या बहुतेक निवडी नावापुरत्याच असतात. तोही खेळून बघा, मात्र धाकट्या भावंडांसोबत नको.

महाराष्ट्रात बनलेल्या गेमबद्दल बोललंच पाहिजे. राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२०. किकस्टार्टरवर पैसे उभे राहिले नाहीत, संस्थापकांपैकी अविचल सिंग यांनी फ्लॅट विकला, तरी गेम पूर्ण केला, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या गेमसाठीच्या विभागात नामांकनही मिळवलं. पुढे तो नेटफ्लिक्समार्फत मोबाइलवरही आला. पहाडी चित्रशैलीच्या भिंती, राजस्थानी महाल, डोळे दिपतात. नायिका राजी ही खेळ करून पोट भरणारी मुलगी. राक्षस तिच्या भावाला, गोलूला पळवतात, दुर्गा तिला शस्त्र देते, दुर्गा आणि विष्णू मिळून गोष्ट सांगतात.

माझी एकच तक्रार आहे, प्रेमाची. मराठी माणसाने राजीला भिंतीवर धावताना, खांबावरून गिरकी घेताना बघितलं की डोळ्यापुढे डोंबाऱ्याची पोर येते. ढोलकी वाजतेय, दोरीवर काठी धरून आठ-नऊ वर्षांची मुलगी चालतेय, आपण रुपया टाकून पुढे जातोय. गेमची सगळी लढाई तिच्या त्याच कसबावर चालते. पण ती कोणाची, तिचा पाल कुठे पडतो, गावात तिला कोण उभं करतं, याबद्दल गेम गप्प आहे. देवांना तिची निवड का करावीशी वाटली हे कळतं, ती कोण हे कळत नाही. पहिला गेम होता, घर विकून केलेला, त्याच्याकडून सगळं मागणं बरोबर नाही. तरी ती गोष्ट तिथेच होती, हाताच्या अंतरावर.

मग ‘कोणाची गोष्ट, कोण सांगणार’ हा प्रश्न कोणी नीट सोडवलाय का? सोडवलाय, अलास्कात. कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल ही तिथल्या मूळनिवासींची संस्था. सरकारी अनुदानावर किती दिवस काढायचे, स्वतःचं उत्पन्न हवं, म्हणून त्यांनी हॉटेल वगैरे न काढता गेम काढायचं ठरवलं. ई-लाइन मीडिया या कंपनीला सोबत घेतलं आणि २०१४ मध्ये नेव्हर अलोन आला. नुना नावाची इन्युपियात मुलगी आणि तिचा पांढरा कोल्हा, न थांबणाऱ्या हिमवादळाचं मूळ शोधायला निघतात. निवेदन पूर्ण इन्युपियाक भाषेत, खाली सबटायटल्स.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती परवानगीची गोष्ट. ही कथा रॉबर्ट नासरुक क्लीव्हलँड या कथेकऱ्याने सांगितलेली. ते हयात नव्हते. टीमने त्यांच्या मुलीला, मिनी ग्रे यांना गाठलं आणि विचारलं, ही गोष्ट घेऊ का? मूळ कथेत मुलगा होता, गेममध्ये मुलगी करायची होती, तेही विचारून. सुमारे ४० वडीलधारे आणि कथेकरी या कामात होते. खेळताना मधे मधे त्यांचे छोटे माहितीपट उघडतात: बर्फ कसा वाचायचा, ढोल कशाचा बनतो. गेमला २०१५ मध्ये पदार्पणाचा बाफ्टा मिळाला. फोनवरही तो आला होता.

याच्या शेजारी सिव्हिलायझेशन सिक्स ठेवा. त्यांनी २०१८ मध्ये कॅनडाच्या क्री लोकांचा प्रमुख पाउंडमेकर गेममध्ये आणला. दिसायला आदर, पण पाउंडमेकर क्री नेशनचे मिल्टन टूटूसिस यांनी जाहीर आक्षेप घेतला: आम्हाला कोणी विचारलं नाही, आणि जमिनी जिंकत जाण्याच्या खेळात आमच्या प्रमुखाला बसवणं म्हणजे आमची मूल्यंही वसाहतवाल्यांसारखीच होती असं सांगणं. चेहरा आला, नियम दुसऱ्याचेच राहिले. चांदागडच्या गोंड राजांवर कोणी असा गेम काढला तर किल्ला हुबेहूब असेल, वेशभूषा असेल, आणि जंगल मात्र ‘तोडून लाकूड मिळवा’ या बटणापुरतं असेल, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख होते. म्हणजे आइसलँडच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट. तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावला ग्रामसभेने गोंडीतून शिकवणारी शाळा चालवून दाखवली. आणि तंत्रज्ञानाच्या बाजूने दार आधीपेक्षा उघडं आहे: मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाला गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली, दोन्हींचे नोटो फॉन्ट फुकट आहेत.

पण इंजिनियर म्हणून एक खाजगी दुःख सांगतो. युनिटी हे गेम बनवायचं सगळ्यात प्रचलित इंजिन. त्यात बरीच वर्षं मराठी नीट उमटतच नसे. इंजिन प्रत्येक अक्षर सुटं सुटं ठेवतं, इंग्रजीसारखं एकापुढे एक. देवनागरीत तसं चालत नाही, जोडाक्षरं जुळावी लागतात, वेलांटी आधी यावी लागते. मी चाचणीसाठी गावाचं नाव टाकायचो. ‘ब्रह्मपुरी’त ब्र आहे, ह्म आहे, उकार आहे, आणि स्क्रीनवर पाय मोडलेल्या अक्षरांची रांग उभी राहायची. ‘गडचिरोली’तली वेलांटी च सोडून र वर जाऊन बसायची. कोणी मराठीवर राग धरून हे केलं नव्हतं. पुन्हा तेच, डीफॉल्ट. गोडो हे फुकट, मुक्त इंजिन २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून हे सरळ दाखवतं आणि अँड्रॉइड फोनवरही चालतं. नुसत्या मजकुराचा गेम करायचा असेल तर ट्वाइन आहे, ब्राउझरमध्ये उघडतं, कोड जवळपास लागत नाही, आणि देवनागरी पहिल्या दिवसापासून नीट.

त्याच ट्वाइनमध्ये मी वनहक्काच्या दाव्याचा छोटा गेम सुरू केलाय. आत्ता फक्त ग्रामसभेची लेव्हल झालीय. मेनूपाशी अडलोय. ‘सुरू करा’, ‘बाहेर पडा’ असं छापील मराठीत लिहिलं तर तलाठी ऑफिसच्या बोर्डासारखं वाटतं, म्हणून बटणं झाडीबोलीत हवीत. तुमच्या घरी कोणी ती बोलत असेल तर आजीला नाहीतर मामाला विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा: ‘गेम ओव्हर’ला तुमच्याकडे काय म्हणतील?